इंजिन बांधलं, पण यामाहा आरएक्स १०० चालू होत नाही: किक मारत बसण्याआधी काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

नवा पिस्टन, बोअरिंग केलेला ब्लॉक, नवा कॉनरॉड घातलेला क्रँक, सगळी पॅकिंग नवी. टाकीत पेट्रोल ओतून किक मारली तर काहीच नाही. पन्नास किका होतात, मग दोघं मिळून धक्का मारतात, मग कार्बोरेटर उतरतो, जेट बदलतो, प्लग बदलतो. संध्याकाळपर्यंत गाडीत पाच गोष्टी बदललेल्या असतात आणि मूळ दोष जिथल्या तिथे असतो. आता तो शोधणं पाचपट कठीण झालेलं असतं.

"करंट आहे, पेट्रोल आहे, कॉम्प्रेशन आहे, तरी चालू होत नाही." नुकतंच बांधलेलं इंजिन समोर असताना हे वाक्य ऐकलं की मी दोन प्रश्न विचारतो. करंट, म्हणजे प्लगचा स्पार्क, योग्य क्षणी पडतोय का? आणि क्रँककेस, म्हणजे क्रँक फिरतो तो इंजिनाचा खालचा बंद भाग, हवाबंद आहे का? बहुतेकांनी ही दोन्ही तपासलेली नसतात. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढलं जातं आणि तिथून पिस्टनच्या खालच्या दाबाने वर जातं. क्रँककेस हाच या इंजिनाचा पंप आहे. पंपच गळका असेल तर कार्बोरेटर कितीही साफ करून उपयोग नाही.

पुढचा क्रम आरएक्स १०० डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. रीड व्हॉल्व (इनटेकमधली, आतल्या बाजूलाच उघडणारी पात्यांची झडप) असलेल्या इतर एअर-कूल्ड टू-स्ट्रोक गाड्यांनाही तो बहुतांशी लागू पडतो, फक्त आकडे त्या त्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या.

## तयारी

किक मारणं थांबवा. फसलेल्या प्रत्येक किकेबरोबर क्रँककेसमध्ये पेट्रोल साठत जातं आणि नव्या बोअरवरची ऑइलची पातळ फिल्म धुतली जाते.

हाताशी ठेवायच्या वस्तू: प्लग पाना, मॅन्युअलमधल्या नंबरचा कोरा प्लग, फिलर गेज, मल्टिमीटर, १४ मिमी आट्याचा कॉम्प्रेशन गेज, मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकाचं चाक) काढायचा पुलर, टॉर्च, साबणाचं पाणी आणि बारीक ब्रश. शिवाय डायलचं जुनं बीपी मशीन. त्याचा फुगा आणि डायल सहाव्या टप्प्यात लागणार आहे.

टाकीतलं पेट्रोल काढून टाका. इंजिन लेथवर असताना गाडी दोन-तीन महिने उभी राहते. हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये तेवढ्या काळात ओलावा शिरतो, आणि पाणी पुरेसं झालं की ते इथेनॉलसकट तळाशी बसतं. कार्बोरेटरला आधी तळाचंच मिळतं. ताजं दोन लिटर पेट्रोल आणा.

एक वही घ्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि ती लिहायची. फायदा झाला नाही तर ती पूर्ववत करूनच पुढे जायचं.

## १. जिथे हात लागले, तिथे आधी बघा

इंजिन उतरवण्याआधी गाडी चालू होत असेल, तर दोष आपण उघडलेल्या जागेतच असण्याची शक्यता फार मोठी. म्हणून अवजार न लावता एक फेरी मारा.

धूळ जाऊ नये म्हणून इनटेकमध्ये किंवा सायलेन्सरच्या तोंडात कोंबलेलं फडकं काढलंय का? एअर फिल्टर ऑइलने चिंब आहे का? पेट्रोल कॉकची नळी कार्बोरेटरवरून काढून बाटलीत धरा. कॉक उघडल्यावर अखंड धार यायला हवी. काही सेकंदांनी धार मंदावली तर टाकीचं झाकण सैल करून बघा. धार परत जोरात आली तर झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं आहे.

सायलेन्सर जुनाच असेल तर आतली नळी बाहेर काढून कार्बन बघा. किक मारताना सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरला तर हवेचे झटके जाणवले पाहिजेत.

आणि चोक. या कार्बोरेटरचा चोक एक्सलेटर पूर्ण बंद असतानाच काम करतो, कारण स्लाइड बंद असली तरच त्या मार्गाने पेट्रोल खेचलं जातं. चोक ओढून एक्सलेटर पिळत किक मारणाऱ्याला चोकचा काहीच उपयोग होत नाही. नव्या इंजिनावर ही चूक रोज होते.

## २. दहा किका आणि प्लगचं तोंड

कोरा प्लग लावा, चोक ओढा, एक्सलेटरला हात लावू नका, चावी चालू करून सलग दहा किका मारा. मग लगेच प्लग काढून बघा. पुढचा सगळा शोध या एका नजरेवर ठरतो.

प्लग कोरडा: पेट्रोल वर पोहोचत नाही. कार्बोरेटर रिकामा आहे, पायलट जेट (कार्बोरेटरमधला मंद चालीचा बारीक जेट) बुजलाय, किंवा क्रँककेस ओढतच नाही.

प्लग पेट्रोलने ओला: पेट्रोल पोहोचतंय, पेट घेत नाही. करंट, टायमिंग, कॉम्प्रेशन याच क्रमाने बघा.

प्लग ऑइलने चिकट: इंजिन बांधताना क्रँककेसमध्ये जास्त ऑइल ओतलंय, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल जास्त झालंय, किंवा क्रँकच्या क्लचकडच्या टोकावरच्या रबरी सीलमधून गिअर ऑइल आत येतंय.

ओल्या प्लगवर पुन्हा किका मारू नका. कॉक बंद करा, चावी बंद करा, प्लग काढा, एक्सलेटर पूर्ण पिळून पंधरा-वीस वेळा किक फिरवा म्हणजे आतलं जादा पेट्रोल बाहेर पडेल. दहा मिनिटं तसंच उघडं राहू द्या.

> सावधान: प्लगच्या भोकातून पेट्रोलची वाफ येत असते. करंट बघताना प्लग त्या भोकापासून लांब धरा, भोकावर फडकं ठेवा. आणि प्लग बॉडीला न टेकवता चावी चालू ठेवून किक मारू नका, सीडीआय (स्पार्क सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) खराब होऊ शकतो.

## ३. करंट

प्लग कॅपमध्ये घालून हेडच्या उघड्या धातूला टेकवा आणि सावलीत किक मारा. निळा, टचकन आवाज करणारा स्पार्क हवा. पिवळसर, बारीक स्पार्क हवेत दिसला तरी कॉम्प्रेशनमध्ये विझतो. प्लगचा गॅप ०.६ ते ०.७ मिमी ठेवा.

बॅटरीवर संशय घेऊ नका. या गाडीचा सीडीआय मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो, बॅटरी काढून ठेवली तरी गाडी चालू व्हायला हवी.

स्पार्क नसेल तर नवा सीडीआय विकत घेण्याआधी तीन गोष्टी बघा. पहिली, अर्थ. इंजिन आणि चासी नव्याने रंगवली किंवा पावडर कोटिंग केलं की इग्निशन कॉइलचा बोल्ट रंगावर बसतो आणि अर्थ तुटतो. बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू काढा. मल्टिमीटरने कॉइलची पट्टी आणि इंजिन यांच्यात रेझिस्टन्स मोजा, तो शून्याजवळ हवा. दुसरी, डाव्या बाजूचं मॅग्नेट कव्हर बसवताना त्याखाली चिमटलेली वायर. कव्हर काढून वायरीवर दाबाची खूण शोधा. तिसरी, चावीचा स्विच. चावी बंद असताना तो इग्निशनची एक वायर अर्थ करून गाडी बंद ठेवतो. यामाहाच्या मूळ वायरिंगमध्ये ती काळी, पांढऱ्या पट्टीची असते. सीडीआयजवळ ती कपलरमधून तात्पुरती सोडवा. स्पार्क परत आला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या वायरीत आहे.

## ४. करंटची वेळ: मॅग्नेटची चावी

स्पार्क उत्तम, प्लग ओला, तरी गाडी पेटत नाही, मधूनच सायलेन्सरमध्ये किंवा कार्बोरेटरकडे फटका मारते, किंवा किक पायाला उलटा झटका देते. अशा वेळी कार्बोरेटरकडे जाऊ नका. डावं कव्हर उघडा.

मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो. त्याची जागा ठरवायला एक छोटी अर्धचंद्राकृती चावी असते. पुष्कळांना वाटतं की ती चावी मॅग्नेटला धरून ठेवते. धरून ठेवतो तो निमुळता भाग आणि वरचा नट, चावी फक्त जागा दाखवते. त्या जागी ग्रीस किंवा ऑइल राहिलं असेल, किंवा नट पुरेसा आवळला नसेल, तर एका उलट्या झटक्यात मॅग्नेट सरकतो आणि चावी कापली जाते. बाहेरून सगळं ठीक दिसतं, स्पार्कही पडतो, पण भलत्याच वेळी. मॅग्नेट बसवताना चावी खाचेतून निसटून मागे पडण्याचा प्रकारही नेहमीचा आहे.

पुलर लावून मॅग्नेट काढा. हातोडीने ठोकू नका, आतली चुंबकं सुटतात आणि क्रँक वाकतो. चावी आणि दोन्हीकडच्या खाचा बघा. चावीवर पायरी पडली असेल तर नवी घाला. क्रँकचं टोक आणि मॅग्नेटचं भोक थिनरने पुसून कोरडं करा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर नट आवळा.

त्याच वेळी कॉइल प्लेट बघा. काढताना खूण केली नसेल तर प्लेट अंदाजाने बसली असणार. पिस्टन वरच्या टोकापासून किती मिलिमीटर खाली असताना खूण जुळायला हवी, तो आकडा मॅन्युअलमध्ये आहे. प्लगच्या भोकात डायल गेज लावून तो जुळवा. आरएक्स १०० आणि १३५ चे सुटे भाग दिसायला जवळचे असतात. कोणी मधल्या काळात मॅग्नेट, प्लेट किंवा सीडीआय १३५ चा घातला असेल तर जुनी खूण भरवशाची राहत नाही.

तपासणी: टायमिंग दुरुस्त केल्यावर पुन्हा दुसरा टप्पा. कोरडा केलेला प्लग, दहा किका. इथेच बऱ्याच गाड्या चालू होतात.

## ५. कॉम्प्रेशन

गेज लावा, एक्सलेटर पूर्ण उघडा आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत किक मारा. एक्सलेटर बंद ठेवून मोजलेला आकडा खोटा, कारण इंजिनाला हवाच मिळत नाही. १०० पीएसआयच्या वर आकडा आला तर चालू न होण्याचं कारण कॉम्प्रेशन नाही. नव्या रिंगा अजून बोअरला बसलेल्या नसतात, त्यामुळे पहिला आकडा जरा कमी दिसतो. ९० च्या बराच खाली असेल तर मात्र शोध घ्या.

ब्लॉक उतरवण्याआधी डोळ्यांनी जेवढं दिसतं तेवढं बघून घ्या. प्लगच्या भोकातून टॉर्च मारा. पिस्टनच्या डोक्यावरचा बाण पुढे, सायलेन्सरच्या दिशेला हवा. सायलेन्सर काढून एक्झॉस्टच्या तोंडातून बघा आणि किक हळूहळू हाताने फिरवा. रिंगा समोर आल्या की लाकडी काडीने हलक्या दाबा. त्या स्प्रिंगसारख्या परत यायला हव्यात. एखादी दबलेलीच राहिली तर ब्लॉक सरकवताना ती पिनेवर चढून तुटली आहे.

हे तुटणं कशामुळे होतं ते समजून घ्या, नाहीतर दुसरी रिंगही तशीच जाईल. टू-स्ट्रोकच्या पिस्टनमध्ये प्रत्येक रिंगेच्या खाचेत एक छोटी पिन असते. रिंगेची दोन्ही टोकं त्या पिनेच्या दोन बाजूंना बसली पाहिजेत, म्हणजे रिंग फिरून पोर्टमध्ये, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतल्या भोकात, अडकत नाही. ब्लॉक सरकवताना तो डावी-उजवीकडे पिळू नका. रिंगा बोटांनी दाबून सरळ खाली आणा. जड लागलं तर थांबून वर घ्या, हातोडीचा लाकडी दांडाही वापरू नका.

बाकी कारणं थोडक्यात. ब्लॉकखाली दोन पॅकिंग घातली असतील तर कॉम्प्रेशन पडतं आणि पोर्टची उंचीही बदलते. हेडचे नट आडवे-तिडवे, दोन-तीन फेऱ्यांत आवळलेले नसतील तर हेड पॅकिंग फुंकते. तिथे साबणाचं पाणी लावून किक मारली की बुडबुडे दिसतात.

## ६. क्रँककेस हवाबंद आहे का

हा टप्पा जवळजवळ कोणीच करत नाही. माझ्या मते इंजिन बांधल्यावर पहिली किक मारण्याआधीच तो करायला हवा. गळक्या क्रँककेसची गाडी कधीकधी चालू होतेच, जेट मोठा करून, चोक ओढून, कशीबशी. मग बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि नवा पिस्टन पहिल्याच आठवड्यात जाम होतो. बोअरिंगचे, पिस्टनचे, मजुरीचे पैसे परत घालावे लागतात. म्हणून चालू न होणारी गाडी हा एक इशारा समजून इथे वेळ द्या.

कार्बोरेटर आणि सायलेन्सर काढा. एक्झॉस्टचं तोंड सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि जाड पत्र्याची पट्टी दाबून बंद करा. ऑइल पंपाची बारीक नळी इनटेकला जिथे जोडलेली असते तेही तोंड बंद करा. इनटेकच्या रबरात घट्ट बसेल असं रबरी बूच घ्या आणि त्यात नळी ओवा. बीपी मशीनचा कापडी पट्टा काढा. फुग्याची नळी, डायलची नळी आणि बुचाची नळी तीन तोंडांच्या टी-जोडणीने एकत्र करा. मासे पाळण्याचं सामान विकणाऱ्या दुकानात ही जोडणी मिळते. प्लग लावा आणि पिस्टन सगळ्यात खाली आणा, म्हणजे ट्रान्सफर पोर्ट उघडून क्रँककेस आणि ब्लॉक एक होतात.

आता हळूहळू दाब डायलवर २८० ते ३०० पर्यंत न्या. ३०० हा डायलचा शेवट, म्हणजे सुमारे ५.८ पीएसआय. टू-स्ट्रोकच्या या चाचणीत साधारण ६ पीएसआय वापरतात, त्यामुळे हे साधन नेमकं पुरतं.

> सावधान: सायकलचा पंप किंवा कॉम्प्रेसर लावू नका. जास्त दाबाने चांगली सीलसुद्धा जागेवरून सरकते.

एका मिनिटात काटा ५० पेक्षा जास्त उतरला तर इंजिन नापास. नव्याने बांधलेल्या इंजिनाकडून माझी अपेक्षा जास्त असते. काटा पाच मिनिटांत फारसा हललेला दिसू नये.

काटा उतरत असेल तर ब्रशने साबणाचं पाणी लावत जा. आधी स्वतः बसवलेली बुचं आणि पत्रा, कारण पहिला लीक बहुधा तिथेच असतो. मग इनटेकचं रबर आणि रीड व्हॉल्वचं पॅकिंग, ब्लॉकखालचं पॅकिंग, हेड, दोन्ही क्रँककेसमधला जोड. मॅग्नेट काढून डाव्या सीलभोवती. उजवी सील क्लचच्या मागे असल्याने दिसत नाही. त्यासाठी गिअर ऑइल भरायचं झाकण काढा आणि त्या भोकावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. तो फुगला तर उजवी सील गळते आहे, आणि ऑइलने चिकट झालेल्या प्लगचं कारण तुम्हाला सापडलं.

सील नवी असूनही का गळते? कोरडी बसवल्याने तिचा ओठ दुमडतो, क्रँकवर जुन्या सीलची खोबण पडलेली असते, किंवा सील तिरकी ठोकलेली असते. ओठाला ग्रीस लावून, सपाट नळीने चारही बाजूंनी सारखी दाबून बसवा. क्रँककेसच्या जोडावर स्क्रू ड्रायव्हर घालून तो उघडला असेल तर तिथे ओरखडा राहतो, आणि लावलेलं सीलंट तो नेहमीच भरून काढतं असं नाही.

## ७. आता कार्बोरेटर

इथवर सगळं पास झालं तरच.

पायलट जेट उजेडासमोर धरा. भोक गोल आणि स्वच्छ दिसायला हवं. साफ करायला तांब्याच्या वायरीची एक तार चालेल, सुई किंवा स्टीलची तार नको, भोक मोठं होतं. स्लाइडची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडे यायला हवी आणि तिची उभी खाच आतल्या पिनेवर बसली पाहिजे. निडलची क्लिप मूळ खाचेत ठेवा. एअर स्क्रू हलकेच बंद करून दीड वळण उघडा, इथून सुरुवात करणं बरं. फ्लोट अडकत नाही ना, ते बघा.

रीड व्हॉल्वच्या पात्या उजेडाकडे धरून तपासा. टोकाला तडा किंवा उघडी फट असेल तर मिश्रण परत कार्बोरेटरमध्ये फेकलं जातं. इनटेकचं रबर वाकवून बघा, बारीक चिरा वाकवल्यावरच दिसतात.

## ८. पहिल्यांदा पेटल्यावर

ऑइल पंपाच्या नळीतली हवा काढलेली नसेल तर नवा पिस्टन कोरडाच चालेल. म्हणून पंप जोडलेला असला तरी पेट्रोलच्या पहिल्या टाकीत लिटरला २५ मिली टू-टी ऑइल मिसळा. नळीत बुडबुडे दिसायचे पूर्ण थांबल्यावर आणि ऑइलच्या टाकीतली पातळी खरोखर उतरताना दिसल्यावरच साध्या पेट्रोलवर या. गिअरबॉक्समध्ये ऑइल भरलंय याची किक मारण्याआधी खात्री करा.

सुरुवातीला बराच धूर येईल. तो बांधताना लावलेल्या ऑइलचा असतो, सायलेन्सर चांगला तापला की कमी होतो. तापूनही पांढरा धूर तसाच राहिला आणि गिअर ऑइल कमी होत गेलं, तर सहाव्या टप्प्यात परत जा आणि उजवी सील बघा.

एक्सलेटर सोडल्यावरही इंजिन वरच्या आरपीएमवर रेंगाळत असेल तर लगेच चावी बंद करा. एअर स्क्रू फिरवून ते लपवू नका. आधी स्लाइड आणि केबल मोकळी आहे का बघा, ती मोकळी असेल तर कुठूनतरी हवा आत येतेच आहे.

चार-पाच मिनिटं मंद चालवा, बंद करा, ब्लॉकला हात लावता येईल इतकं पूर्ण थंड होऊ द्या. असं तीनदा करा. तिसऱ्यांदा थंड झाल्यावर हेडचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, एखादा नट थोडा फिरतोच. त्यानंतर प्लग काढून रंग बघा आणि पहिले ५०० किलोमीटर अर्ध्याहून जास्त एक्सलेटर न देता, घाट आणि डबलसीट टाळून चालवा.